शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज

गेल्या महिन्यात आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर सकाळी पावणेसातला एक मेसेज पडला. 'ये सुबह-सुबह कौन चिल्ला रहा है?' त्याखाली पाच-सहा अंगठे. एका आंटींनी कानांवर हात ठेवलेलं माकड टाकलं होतं.

ओरडणारी माझी धाकटी बहीण होती. बारावीत आहे. आम्ही मयूर विहार फेज वनमध्ये चौथ्या मजल्यावर राहतो, आणि ती शाळेला जाण्याआधी पाऊण तास रियाज करते. भूप किंवा यमन असता तर कुणी काही बोललं नसतं, उलट 'बिटिया कितना अच्छा गाती है' म्हणाले असते. पण धाकटी दोन वर्षांपासून ऑपेराचं गाणं शिकतेय. तो आवाज खिडक्या लावल्या तरी घरात थांबत नाही. थांबू नये असाच तो घडवलेला असतो, पण हे ग्रुपवर कसं लिहायचं?

तुम्ही हे सदर नेहमी वाचत असाल तर तुम्हाला माहीत आहे की मी इथे सहसा जिच्याबद्दल घरात चर्चा झाली अशा बाईबद्दल लिहिते. यावेळी चर्चा जरा जोरात झाली. धाकटीनं जाहीर केलं की तिला बी.कॉम. करायचं नाही, लंडनच्या संगीत महाविद्यालयांत ऑडिशन द्यायची आहे. बाबा पेपरच्या आड गेले. आईनं एकच प्रश्न विचारला, "आपल्या माणसांपैकी कुणी केलंय का हे?"

केलंय. तिचं नाव पॅट्रिशिया रोझारिओ.

"रोझारिओ म्हणजे गोव्याच्या?" आई.

घराणं मूळचं गोव्याचं, जन्म मुंबईचा, 1960 सालचा. पण तिच्याकडे वळण्याआधी ऑपेरा म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण माझ्यासकट बऱ्याच जणांच्या डोक्यात तो म्हणजे शिंगांचं शिरस्त्राण घातलेली एक लठ्ठ बाई आणि फुटणारा काचेचा ग्लास एवढाच असतो. ऑपेरा म्हणजे गाऊन सादर केलेलं नाटक. आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद असतात आणि अधूनमधून पदं येतात. ऑपेरात बहुतेक वेळा संवादही गाऊनच बोलतात, भांडणसुद्धा. माँटेव्हर्डीचा 'ऑर्फेओ' 1607 साली इटलीतल्या मांटुआ शहरात झाला आणि तो आजही रंगमंचावर होतो. आपलं 'संगीत शाकुंतल' 1880 सालचं. म्हणजे हा प्रकार आपल्याला तितका परका नाही. आजी-आजोबांना विचारून बघा, एका पदाला मिळालेल्या वन्समोअरच्या गोष्टी अजून निघतील.

दुसरी गोष्ट माइकची. ऑपेरा हाऊसमध्ये गायिकेपुढे माइक नसतो. समोर साठ-सत्तर वादकांचा ताफा असतो, त्यात तुताऱ्या आणि ढोलही असतात, आणि तिचा आवाज त्या सगळ्यांवरून जाऊन वरच्या बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला ऐकू यावा लागतो. ते घशावर जोर देऊन होत नाही. तसं केलं तर महिन्याभरात आवाज बसेल. श्वास खालून धरून ठेवणं, गळा मोकळा ठेवणं, तोंडाचा आकार स्वराप्रमाणे बदलत नेणं, अशा गोष्टी वर्षानुवर्षं घोटाव्या लागतात. धाकटी कधीकधी वीस मिनिटं नुसता 'आ' करते. आम्ही शेजारच्या खोलीत चहा पितो.

सोप्रानो म्हणजे बायकांच्या आवाजातला सगळ्यात उंच प्रकार. ज्यांना पेटी येते त्यांच्यासाठी: तुम्ही काळी पाचच्या सा पासून गात असाल तर तुमचा तार सा जिथे येतो, त्याच्याही वरचं सप्तक ओलांडून, अतितार सा च्या पुढचा रिषभ, हा सोप्रानोचा गाजलेला वरचा स्वर. इतक्या उंचीवर शब्द कळत नाहीत. त्यात गायिकेचा दोष नाही, आवाजाचं भौतिकशास्त्रच तसं आहे. त्या उंचीवर 'आ' आणि 'ई' कानाला जवळजवळ सारखेच लागतात. 1983 साली टोरांटोत रंगमंचाच्या वर भाषांतराची पट्टी दाखवायला सुरुवात झाली आणि आता ती जगभर असते. तेव्हा ऑपेरा ऐकताना काही कळलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

आता पॅट्रिशिया. मुंबईतल्या मुलीच्या कानावर हे संगीत कुठून पडलं, हा प्रश्न आईला पडला होता, मलाही पडला होता. त्याचं उत्तर गोव्यात सापडतं. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये अक्षरांबरोबर स्वरलिपीही शिकवायचे. गावचा संगीतमास्तर मुलांना गळ्यानं सूर वाचायला लावायचा आणि मग हातात व्हायोलिन द्यायचा. शेकडो वर्षं हे चाललं. त्यातून तयार झालेले वादक पोट भरायला मुंबईत आले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसले. 'अमर अकबर अँथनी'तल्या अँथनीचं गोन्साल्विस हे आडनाव प्यारेलाल यांच्या गोवेकर व्हायोलिन गुरूंवरून आलंय, ते गाणं म्हणजे शिष्यानं केलेला नमस्कार आहे. आपण ज्याला 'आपली जुनी गाणी' म्हणतो त्यात हा गोवा भरपूर मुरलेला आहे. हे सांगितल्यावर आई जरा नरमली. तिला प्यारेलाल आवडतात.

पॅट्रिशिया मुंबईहून लंडनला गेली, तिथल्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात शिकली, तिथलं सुवर्णपदक मिळवलं. तरुण गायिकांना दिलं जाणारं मॅगी टेट पारितोषिकही तिला मिळालं. दोन ओळींत सांगून होतं. पण थोडं थांबून विचार करा. 1980च्या आसपासची गोष्ट आहे. व्हिडिओ कॉल नाही, यूट्यूब नाही. जे गाणं गायचं ते इटालियन, जर्मन, फ्रेंचमध्ये. वर्गातल्या बाकीच्या मुली लहानपणापासून ती नाटकं बघत आलेल्या. आणि रंगमंचावर जिची भूमिका करायची ती बहुतेक वेळा युरोपातली कुणी सरदारीण किंवा तिची दासी. सावळ्या रंगाच्या मुलीला ती भूमिका द्यायची की नाही, हा निर्णय दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात.

तिनं मोझार्ट गायला, हँडेल गायला, म्हणजे जे सगळ्यांना गावंच लागतं ते. पण मला जास्त रस वाटला तो तिच्या वेगळ्या वाटेत. ती नव्या संगीताची गायिका झाली. जॉन कॅस्केन या इंग्रज संगीतकाराचा 'गोलेम' हा ऑपेरा 1989 साली लंडनमध्ये पहिल्यांदा झाला, त्यातली मिरियम तिनं उभी केली. नव्या भूमिकेत एक सोय असते. आधी कुणी गायलेली नसते, त्यामुळे 'अमकी जास्त चांगली गायची' असं म्हणायला कुणी नसतं. आणि एक गैरसोयही असते, ऐकून शिकायला रेकॉर्ड नसते. कागदावरचे स्वर आणि तुम्ही, बस्स.

मग तिला जॉन टॅव्हनर भेटला. हे नाव अनोळखी वाटेल, पण 1997 साली प्रिन्सेस डायनाच्या अंत्यविधीचं प्रक्षेपण तुमच्या आईनं किंवा आजीनं टीव्हीवर पाहिलं असेल तर शवपेटी बाहेर नेताना चर्चमधला गायकवृंद जे गात होता ते याच टॅव्हनरचं. मोठा दाढीबिढी नसलेला साधू होता म्हणा ना. इंग्लंडमध्ये जन्मून ऑर्थोडॉक्स चर्चकडे वळलेला, पूर्वेकडच्या संगीताचं वेड असलेला. त्याला सरळ, पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारा आवाज नको होता. एका स्वरावरून दुसऱ्यावर वळण घेत जाणारा, दोन स्वरांच्या मधल्या जागाही ओळखणारा आवाज हवा होता. आपल्याकडे पाचव्या वर्षीच्या मुलीलाही मींड म्हणजे काय ते कानानं कळतं. लंडनमध्ये तो आवाज शोधावा लागत होता.

1992 साली ऑल्डबरा महोत्सवात टॅव्हनरचा 'मेरी ऑफ इजिप्त' हा ऑपेरा झाला. मेरी ही अलेक्झांड्रियातली गणिका, सगळं सोडून वाळवंटात निघून जाते आणि तिथे तिची संत होते. आपल्याकडची कान्होपात्रा आठवली ना? बालगंधर्वांनी रंगवलेली ती. मेरीची भूमिका पॅट्रिशियानं केली. त्यानंतर टॅव्हनर तिच्या आवाजासाठी लिहीतच राहिला. तीसहून जास्त रचना त्यानं तिच्या गळ्यासाठी केल्या. एका संगीतकारानं एका गायिकेसाठी इतकं लिहावं, असं फार कमी वेळा होतं. एस्टोनियाचा आर्व्हो पार्ट हा आजच्या काळातला फार मोठा संगीतकार, त्यानंही तिच्यासाठी लिहिलं.

जानेवारी 2000मध्ये लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये टॅव्हनरची 'फॉल अँड रेझरेक्शन' ही मोठी रचना झाली, त्यात ती गायली. आणि 2003 साली तर त्यानं कमालच केली. 'द व्हेल ऑफ द टेंपल' नावाची रचना, लंडनच्या जुन्या टेंपल चर्चमध्ये, संध्याकाळनंतर सुरू होऊन रात्रभर, जवळजवळ सात तास. वाद्यांमध्ये ऑर्गन, तिबेटी शिंग आणि चक्क आपली हार्मोनियम. एकल सोप्रानो पॅट्रिशिया. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे जागरणच की." बरोबर. आमच्या गावाकडे रात्रभर भजन चालतं तेव्हा पहाटे चारच्या सुमाराला गाणाऱ्यांचे आवाज जसे होतात, थकलेले पण काही लपवायचं न उरलेले, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना त्या रात्रीचा अंदाज येईल.

2001 साली ब्रिटिश सरकारनं तिला ओबीई हा किताब दिला. किताबांचं मला फार अप्रूप नाही, पण बाबांनी इथे पहिल्यांदा पेपर खाली घेतला म्हणून नोंद करते.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळचा वाटलेला भाग मात्र पुढचा आहे. 2009 सालापासून ती आणि तिचा पियानोवादक नवरा मार्क ट्रूप भारतात येऊन शिकवायला लागले. उपक्रमाचं नाव 'गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया'. मुंबई, गोवा, पुणे, दिल्ली, बंगळुरू, चेन्नई अशा शहरांत कार्यशाळा घ्यायच्या, मुलांचे आवाज ऐकायचे, परत यायचं, पुढचा धडा द्यायचा. आपल्याकडे आवाज आहेत पण नियमित शिक्षण नाही, हे तिला दिसलं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये ती शिकवते, म्हणजे तिथे काय लागतं ते तिला नेमकं माहीत. धाकटीच्या शाळेत दोन हिवाळ्यांपूर्वी झालेली कार्यशाळा यांची नव्हती, दुसऱ्याच कुणाची होती. पण तिथे एका पाहुण्या बाईंनी माइक बाजूला सारून गायला सुरुवात केली आणि सभागृहाच्या मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली ही मुलगी घरी येऊन जेवलीच नाही. म्हणाली, "ताई, तो आवाज माझ्या छातीत वाजत होता."

मुंबईकर वाचकांना 'ऑपेरा हाऊस' म्हटलं की बसस्टॉप आणि हिऱ्यांचा बाजार आठवतो. पण चर्नी रोडजवळची ती इमारत खरोखर ऑपेरासाठीच बांधली होती. 1911 साली पाचव्या जॉर्ज राजाच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं तेव्हा ती पूर्णही झाली नव्हती. तिथे बालगंधर्वांची नाटकं झाली, पृथ्वीराज कपूर यांची झाली, मग सिनेमा आला, मग 1993 साली दारं बंद. तेवीस वर्षं कुलूप. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी तिची डागडुजी केली आणि ऑक्टोबर 2016मध्ये दारं उघडली, तेव्हा तिथे गायला पॅट्रिशिया आली. छप्पन्न वर्षांची होती. ज्या शहरात जन्मली तिथलं ऑपेराचं घर ती अंगात आल्यापासून, म्हणजे तिच्या उमेदीच्या सगळ्या वर्षांत, एकतर सिनेमागृह होतं नाहीतर बंद होतं. त्या रात्री मी तिथे असायला हवं होतं, पण तेव्हा मी शाळेत होते आणि ऑपेरा म्हणजे माझ्यासाठी फोनमधला एक ब्राउझर होता.

आता आईचे प्रश्न. मला खात्री आहे की ते तुमच्याही घरातले आहेत, मुलगा-मुलगी गाण्याऐवजी चित्रकलेचं किंवा फुटबॉलचं नाव घेत असतील एवढंच.

पहिला प्रश्न, उशीर नाही का झाला? नाही. ऑपेराचा आवाज सतराव्या वर्षी पिकलेला नसतो, नसावाच. तो पंचविशी-तिशीत भरतो, भारी आवाज तर त्याहून उशिरा. या वयात हवं असतं ते म्हणजे स्वरलिपी वाचता येणं, थोडा पियानो, इटालियन उच्चार, आणि कान. कान आपल्या मुलींकडे असतो. नऊ वर्षं हिंदुस्तानी शिकल्याचा धाकटीला फायदाच झालाय. त्रास एकाच गोष्टीचा झाला. आपल्याकडे गाणं गुरूच्या गळ्यातून ऐकून येतं, आणि तिथे कागद वाचून. पहिले सहा महिने ती कागद समोर धरून ऐकूनच गात होती, बाईंनी पकडलं.

दुसरा, पैसे मिळतात का? इथे मी धाकटीची बाजू घेणार नाही. बहुतेक गायिका कार्यक्रमागणिक पैसे घेतात. सर्दी झाली, कार्यक्रम रद्द, पैसे नाहीत. जर्मनीतल्या बऱ्याच नाट्यगृहांत महिन्याच्या पगारावर गायक ठेवतात, त्या जागांसाठी जगभरातून रांग असते. ऑडिशनला स्वतःच्या खर्चानं जायचं, दहा मिनिटं गायचं, 'धन्यवाद' ऐकून परत यायचं. शिकवणं हा बहुतेकींचा आधार असतो. लंडनची फी परदेशी विद्यार्थ्यांना फार मोठी आहे आणि पदवी चार वर्षांची. शिष्यवृत्तीशिवाय आमच्या घराला ते झेपणार नाही, हे आम्ही तिघांनी तिला बसवून सांगितलं. तिनं मान हलवली. तिला ते आधीच माहीत होतं, वहीत हिशोबही लिहिलेला होता.

तिसरा प्रश्न आईनं विचारला नाही, पण तो मला माहीत आहे, कारण तो माझ्यामुळे आहे. मी पण गायचे. प्रवेशिका पूर्णपर्यंत गेले, मग दहावी आली, क्लास 'दोन महिने' बंद झाला. त्याला आता दहा वर्षं होतील. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. मी इंग्रजीत बी.ए. केलं, मला लिहायला आवडतं, मी दुःखी वगैरे नाही. पण सकाळी पावणेसातला पलीकडच्या खोलीतून तो आवाज येतो तेव्हा आई माझ्याकडे बघते, आणि मी चहाच्या कपात बघते.

तुमच्या घरात कुणी अशा वयाचं असेल तर कामाच्या चार गोष्टी. ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि एबीआरएसएम यांच्या श्रेणी परीक्षा भारतात होतात, गाण्याच्याही. ब्रिटनमधल्या संगीत महाविद्यालयांचे अर्ज आदल्या वर्षीच ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात, म्हणजे बारावीचा निकाल लागल्यावर जागं होऊन उपयोग नाही. दिल्लीत असाल तर 'कॅपिटल सिटी मिन्स्ट्रेल्स'सारखा गायकवृंद आहे, नीमराणा म्युझिक फाउंडेशननं इथे ऑपेरा केलेले आहेत, तेव्हा ऐकायला अगदीच काही नाही असं नाही. चर्चमधलं नाताळचं गायन ऐकायला जा, धर्म कुठलाही असो, दार उघडं असतं. आणि शिकवणाऱ्या बाई किंवा सर घसा दुखेपर्यंत गायला लावत असतील तर क्लास बदला. गाताना दुखणं म्हणजे मेहनत नव्हे, चूक आहे.

दिल्लीत अजून एक अडचण आहे ती मुंबईकरांना कळायची नाही. नोव्हेंबर. हवा अशी की श्वास खालून धरून ठेवायचा म्हटलं तर काय धरून ठेवायचं हा प्रश्न. गेल्या वर्षी दहा दिवस तिचा रियाज बंद होता. ती नुसते शब्द पाठ करत बसायची, इटालियन, मास्क लावून.

ग्रुपवरच्या त्या मेसेजचं काय झालं? आईनं उत्तर लिहिलं. मला दाखवलं नाही, विचारलं नाही. हिंदीत, पूर्ण वाक्यांत, शेवटी हात जोडलेले. लिहिलं होतं की माझी मुलगी गाते, साडेसहाच्या ऐवजी सात वाजता सुरू करेल, आणि कुणाला त्रास होत असेल त्यांनी चहाला यावं. तिसऱ्या मजल्यावरचे अंकल, तोच मेसेज टाकणारे, रविवारी खरंच आले. धाकटीनं त्यांना मोझार्टचं एक छोटं गाणं म्हणून दाखवलं. त्यांनी ऐकलं, बिस्किट संपवलं आणि विचारलं, "इसमें लता जी वाला कुछ नहीं आता?" मग तिनं तेही म्हटलं.

सध्या दर रविवारी ती पिंक लाईननं लाजपत नगरला उतरून बाईंकडे जाते. अर्जाची तारीख पुढच्या ऑक्टोबरची आहे, म्हणजे एक वर्ष हातात. बी.कॉम.चा फॉर्मही भरायचा असं ठरलंय. काल रात्री भाजी निवडता निवडता आईनं विचारलं, "लंडनला थंडी फार असते ना गं? हिचा घसा..."

मी म्हटलं, पॅट्रिशियाचा टिकला.

"तिची आई बरोबर गेली होती का?"